लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरून माणूस स्क्रीनवर नेमका कुठे बघतोय ते कळतं का?

अर्धवट_इंजिनिअर
मंडळी, शनिवार-रविवार वाया घालवून आलोय म्हणून जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

मी सिंथेसायझर वाजवतो (वाजवतो म्हणजे घरच्यांच्या मते बडवतो) आणि नोटेशन लॅपटॉपवर उघडून ठेवतो. दोन्ही हात अडकलेले, पान संपलं की एक हात सोडून कळ दाबायची आणि तेवढ्यात ताल गेलेला. म्हटलं माझे डोळे शेवटच्या ओळीवर पोचले की पान आपोआप उलटलं तर काय बहार येईल! प्रोग्रॅममध्ये जोडायची तयार लायब्ररी घेतली, ती चेहऱ्यावरचे बिंदू काढून देते, त्यातून बाहुलीचा मध्य घेतला, स्क्रीनवर नऊ ठिपके दाखवून कॅलिब्रेशन केलं (म्हणजे एकेका ठिपक्याकडे बघून प्रोग्रॅमला माझी नजर शिकवली) आणि मी जिथे बघतोय असं प्रोग्रॅमला वाटतं तिथे एक लाल ठिपका काढला.

तो ठिपका म्हणजे दिव्याभोवतीचं चिलट आहे. मी कोपऱ्यात एकटक बघतोय आणि हा दीडशे-दोनशे पिक्सेलच्या वर्तुळात थयथयाट करतोय. जरा मान हलली की गेला शेजारच्या गावाला. दुसऱ्या दिवशी कालचं कॅलिब्रेशन पूर्ण निरुपयोगी.

तर माझा कोड गंडलाय, कॅमेऱ्याचीच तेवढी कुवत आहे, की माझे डोळे चंचल आहेत? (तिसऱ्या पर्यायाला घरून जोरदार अनुमोदन आहे.)

गप्प_बस
तिसरा. +१ तुमच्या घरच्यांना.

मूषकराज
माउस वाईट आहे का हो एवढा?

अर्धवट_इंजिनिअर
@मूषकराज, नावाला जागलात. हात रिकामे असते तर धागा कशाला काढला असता!

घुबड
तिसरा पर्याय चेष्टेत काढू नका, तोच निम्मं उत्तर आहे. डोळा कुणाचाच स्थिर नसतो. आपल्याला वाटतं नजर वाचताना रेषेत सरकते, पण ती उड्या मारते. एका जागी पाव सेकंदाच्या आसपास थांबते, मग सात-आठ अक्षरं ओलांडून पुढे, मधेच मागे. फ्रान्समध्ये ज्याव्हाल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे लक्षात आलं, तेही कॅमेऱ्याबिमेऱ्याशिवाय. आणि थांबलेला डोळासुद्धा बारीक बारीक थरथरत, घसरत असतो, म्हणजे 'एकटक' हा शब्दच मुळात थाप आहे.

घरी करून बघा: आरशासमोर उभं राहून आपल्याच डाव्या डोळ्यात बघा, मग उजव्या, परत डाव्या. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतील. उडीच्या वेळी मेंदू बघणं दाबून टाकतो. आता हेच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात करा, तिथे हललेले दिसतात, कारण फोनचं चित्र किंचित उशिरा येतं आणि तोवर डोळा थांबलेला असतो.

निशिगंधा_
आत्ता करून आले. भूत बघितल्यासारखं वाटलं :-D दोनदा केलं.

चष्मिष्ट
माझ्या आरशात काहीच दिसलं नाही, चष्मा काढला होता.

पाढे_पंचावन्न
घुबडरावांनी डोळ्याचं सांगितलं, मी कॅमेऱ्याचं सांगतो, थोडं गणित आहे, नको असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी (डोळ्याने).

लॅपटॉपचा साधा ७२० पी कॅमेरा धरा, म्हणजे आडवे १२८० पिक्सेल. तुम्ही ६० सेंमीवर बसता. तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याला साधारण ७५ सेंमी रुंदीचं दिसतं, म्हणजे एका सेंमीला १७ पिक्सेल. तुमच्या डोळ्यातला रंगीत गोल १२ मिमीचा, तो अख्खा कॅमेऱ्याला २० पिक्सेल दिसला. बाहुली त्याहून लहान.

आता डोळा फिरला की बाहुली किती सरकते? डोळ्याच्या फिरण्याच्या केंद्रापासून ती सुमारे १० मिमी पुढे असते, म्हणजे डोळा १ अंश फिरला तर बाहुली ०.१७ मिमी सरकली. कॅमेऱ्यात ते झालं ०.३ पिक्सेल! आणि ६० सेंमीवर १ अंश म्हणजे स्क्रीनवर जवळजवळ १ सेंमी. तुमच्या ३४ सेंमी रुंद स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली तरी कॅमेऱ्यात बाहुली हलली जेमतेम ९-१० पिक्सेल. उभ्या दिशेला तर ५.

म्हणजे १९२० पिक्सेलची स्क्रीन तुम्ही १० पिक्सेलच्या फूटपट्टीने मोजताय. बाहुलीचा मध्य काढताना अर्ध्या पिक्सेलची चूक झाली (होणारच, रात्री ट्यूबलाइटमध्ये त्याहून जास्त होते) की लाल ठिपका १०० पिक्सेल उडाला. दीडशे-दोनशेत राहतोय म्हणताय तर तुमचा कोड चांगलाच आहे, घरी सांगा.

अर्धवट_इंजिनिअर
@पाढे_पंचावन्न, दंडवत. हे मला शनिवारी सकाळी कुणी सांगितलं असतं तर!
मग नजर टिपणारी ती महागडी यंत्रं अर्धा-एक अंशाच्या अचूकतेचा दावा करतात ती कशाच्या जोरावर? त्यांचाही कॅमेराच ना शेवटी?

पाढे_पंचावन्न
कॅमेराच, पण दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे त्यांची भिंगं डोळ्यांवरच रोखलेली असतात, खोलीभर पसरलेली नसतात, त्यामुळे डोळ्याच्या वाट्याला पिक्सेल भरपूर. दुसरं म्हणजे ते आपला स्वतःचा इन्फ्रारेड दिवा लावतात, जो आपल्याला दिसत नाही किंवा अगदी अंधुक लाल दिसतो. त्या दिव्याची एक बारीक चमक डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक घुमटावर पडते. डोळा फिरला की बाहुली सरकते पण चमक जवळजवळ जागच्या जागी राहते, आणि मान हलली की दोन्ही बरोबर सरकतात. दोघांमधलं अंतर आणि दिशा मोजली की मानेच्या हालचालीचा बराच त्रास संपला. तुमच्याकडे ही खूण नाही, म्हणून मान हलल्यावर ठिपका गावाला जातो.

निशिगंधा_
यात एक भर घालते. साध्या उजेडात काळेभोर, गडद तपकिरी डोळे कॅमेऱ्याला अवघड जातात कारण काळ्यावर काळी बाहुली, कड सापडत नाही. इन्फ्रारेडमध्ये तेच डोळे फिकट राखाडी दिसतात आणि बाहुली ठसठशीत काळी. मी पहिल्यांदा स्वतःचा डोळा तसा पाहिला तेव्हा ओळखलाच नाही.

मी वेबसाइटच्या चाचण्या घेते, लोकांना यंत्रासमोर बसवून कुठे बघतात ते नोंदवायचं आणि लाल-पिवळे नकाशे काढायचे (जिथे जास्त बघितलं तिथे लाल), हे पोटापाण्याचं काम. कॅलिब्रेशन दर माणसाला वेगळं का लागतं हे पण सांगते, कारण ते कोणी सांगितलं नाही. डोळ्याचा भौमितिक अक्ष आणि माणूस ज्या रेषेत खरं बघतो ती रेषा, या दोन वेगळ्या असतात, फरक पाचेक अंशांचा, आणि तो दर माणसात थोडा वेगळा. बाहेरून कितीही छान फोटो काढा, तो फरक दिसत नाही, विचारावाच लागतो: 'बाई, या ठिपक्याकडे बघा'.

टीकाकार_क्र_१
ते लाल-पिवळे नकाशे म्हणजे निव्वळ ज्योतिष आहे असं माझं स्पष्ट मत. लाल डाग दिसला की मॅनेजर म्हणतो 'बघा लोकांना आवडलं'. अहो लाल डाग गोंधळल्याने पण पडतो! बटण सापडत नाही म्हणून माणूस तिथेच घुटमळतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय.

निशिगंधा_
@टीकाकार_क्र_१ निम्मं मान्य. म्हणून नुसता नकाशा आम्ही देत नाही, माणसाला नंतर विचारतो. यार्बुस नावाच्या रशियन संशोधकाचा प्रयोग प्रसिद्ध आहे, त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ ला आलं. एकच चित्र दाखवलं आणि प्रश्न बदलत गेला: यातल्या लोकांची वयं सांगा, घरची परिस्थिती कशी वाटते, कपडे लक्षात ठेवा. दर प्रश्नाला त्याच माणसाच्या नजरेची वाट साफ वेगळी. म्हणजे 'कुठे बघतोय' याला 'कशासाठी' जोडलं नाही तर अर्थ नाही. पण ज्योतिष म्हणू नका हो, २००६ मध्ये वेबसाइट लोक कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सनच्या चमूने २३२ लोकांची नजर नोंदवली तेव्हा लोक वेबपान नीट वाचतच नाहीत, वर आडवं, मग थोडं खाली आडवं आणि मग डाव्या कडेने सरळ खाली, हे डोळ्यांनी दिसलं. त्याआधी सगळे लेखक समजत होते की आपलं वाचतात.

मूषकराज
या धाग्यावर पण तेच चाललंय. मी पाढ्यांच्या प्रतिसादाची फक्त डावी कड वाचली.

चष्मिष्ट
माझा विषय थोडा वेगळा आहे पण इथेच मांडतो. मागच्या सत्रात ऑनलाइन परीक्षेला बसलो, कॅमेरा सक्तीचा. विचार करताना मी छताकडे बघतो, लहानपणापासून, पाढे पण छताकडे बघूनच म्हणायचो. पेपर संपल्यावर निरोप आला की 'परीक्षार्थी वारंवार स्क्रीनबाहेर बघत होता', आणि चौकशी. तीन आठवडे निकाल अडवला. शेवटी रेकॉर्डिंग एका माणसाने बघितलं आणि म्हणाला यात काही नाही. वर माझा चष्मा जाड, त्यात स्क्रीनचा चौकोनच्या चौकोन चमकतो, डोळा दिसतो तरी का त्यांना? वरची आकडेमोड वाचून आता जास्तच संताप आलाय. १० पिक्सेलच्या फूटपट्टीवर माझं वर्ष टांगलं होतं.

सुलेखा_मॅडम
मी शिकवते, म्हणून दुसरी बाजू. कॉपी होते आणि खूप होते. मांडीवर फोन ठेवून लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत आणि ती नजर वेगळी असते, दर मिनिटाला त्याच जागी खाली जाते. खूण उठवायला हरकत नाही. निकाल मात्र खुणेने लावू नये, माणसाने बघून लावावा. तुमच्या बाबतीत माणूस तीन आठवड्यांनी आला, तो तीन तासांत यायला हवा होता.

टीकाकार_क्र_१
मॅडम, माणूस तीन आठवड्यांनी येतो कारण खुणाच एवढ्या उठतात की बघायला माणूस पुरत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून.

अर्धवट_इंजिनिअर
मंडळी, भांडा पण माझं पान उलटायचं राहिलंय हे विसरू नका.

कट्टा_नंबर_७
आयफोनला आता नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर डोळ्यांनी फोन चालवता येतो ना? २०२४ च्या आयओएस १८ पासून. मग लॅपटॉपला काय धाड भरलीय?

पाढे_पंचावन्न
फोन जवळ असतो, डोळा मोठा दिसतो, शिवाय स्क्रीनच हातभर नाही. आणि तिथेही आधी कॅलिब्रेशन, मग फोन स्थिर ठेवा अशी सूचना, आणि जवळच्या बटणाला आपणहून चिकटणारी खूण. चिकटणं महत्त्वाचं, त्याने चूक लपते. २०१६ मध्ये अमेरिकेत साडेचौदाशे लोकांचे फोन-टॅबलेटवरचे जवळजवळ २५ लाख फोटो गोळा करून एक न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्रॅम) शिकवलं होतं, तेव्हा कॅलिब्रेशनशिवाय चूक फोनवर १.७ सेंमी आणि टॅबलेटवर २.५ सेंमीच्या आसपास आली. एवढ्या फोटोंनंतर! त्याच वर्षी ब्राउझरमध्ये चालणारं वेबगेझर आलं, ते हुशारी करतं, तुम्ही माउसने क्लिक करता तेव्हा बहुतेक तिथेच बघत असता असं धरून प्रत्येक क्लिकला गुपचूप स्वतःला सुधारत राहतं.

मूषकराज
म्हणजे शेवटी माउसच लागला. माझं काम झालं. निघतो.

अनामिका_वाचक
मी इथे बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. माझे यजमान नऊ वर्षं मोटर न्यूरॉनच्या आजाराने अंथरुणावर आहेत, हात-पाय-वाचा काही नाही, डोळे शाबूत. इन्फ्रारेडवालं यंत्र पलंगाला दांडी लावून बसवलंय. ते डोळ्यांनी अक्षरं निवडतात.

तुम्हा सगळ्यांचं अर्ध्या अंशाचं वाचून हसू आलं, रागावू नका. कागदावर अर्धा अंश, आमच्याकडे दुपारी तीनला खिडकीतून ऊन आलं की सगळं बंद. उन्हातही तोच अदृश्य प्रकाश असतो, यंत्राचा दिवा त्यात बुडतो. आम्ही तीन ते पाच जाड पडदा ओढतो. सकाळी डोळ्यात थेंब घातले की वीस मिनिटं डोळा ओला, चमक दोन-दोन दिसतात, तेव्हाही बंद. थकले की वरची पापणी खाली येते आणि बाहुली अर्धी झाकते, मग वरच्या ओळीतली अक्षरं निवडताच येत नाहीत. म्हणून त्यांनी स्वतः सांगून रोज लागणारी अक्षरं मधल्या ओळीत आणून घेतली.

आणि एक. सुरुवातीला जिकडे बघावं ते निवडलं जायचं. नुसतं वाचायला म्हणून बघितलं तरी अक्षर उमटायचं. आता एका जागी पाऊण सेकंद थांबलं तरच निवड होते, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक 'विश्रांती' नावाचं बटण आहे, त्याकडे बघितलं की बाकी काहीच निवडलं जात नाही. ते म्हणतात सगळ्यात मोलाचं बटण तेच, कारण त्यामुळे त्यांना परत नुसतं बघता येतं.

निशिगंधा_
अनामिकाताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. जिकडे बघावं ते निवडलं जाणं, त्याला आमच्या धंद्यात मिडास राजाचं नाव आहे, हात लावेल ते सोनं आणि मग जेवायची पंचाईत.

गप्प_बस
आपल्याकडे भस्मासुर होता की. तो तर स्वतःवरच क्लिक करून बसला.

कट्टा_नंबर_७
स्टीफन हॉकिंग पण डोळ्यांनीच लिहायचे ना?

घुबड
नाही, हा गैरसमज सगळीकडे आहे. त्यांच्या चष्म्याला इन्फ्रारेड सेन्सर होता पण तो गालाची हालचाल टिपायचा. स्क्रीनवर खूण आपोआप फिरत राहायची आणि हव्या त्या अक्षरावर आली की गाल हलवायचा. एकच कळ, बोटाऐवजी गालाची.

घुबड
अर्धवटराव, आता तुमच्याकडे वळतो. माझ्या मते तुम्ही प्रश्नच चुकीचा विचारताय. 'मी कुठे बघतोय' हे १० पिक्सेलच्या फूटपट्टीवर कळणार नाही, त्यातून तुम्हाला हवी आहे उभी दिशा, जी सगळ्यात वाईट, ५ पिक्सेल आणि वर पापणीचा पडदा. पण पान उलटायला कुठे बघतोय हे कशाला हवंय? ओळ संपली की डोळा काय करतो? उजव्या टोकापासून डाव्या टोकाला एकच मोठी उडी. वाचतानाच्या छोट्या उड्या तीसेक मिलिसेकंदांच्या, तुमच्या सेकंदाला ३० फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेममध्ये गडप होतात. ही मोठी उडी मात्र वीस-पंचवीस अंशांची, दोन-तीन फ्रेम चालते आणि तुमच्या फूटपट्टीवर सहा-सात पिक्सेल भरते, ती कशी चुकेल! पानावर आठ ओळी असतील तर सात उड्या मोजा, सातवी झाली की तुम्ही शेवटच्या ओळीवर. ओळीच्या मध्यावर पोचलात की उलटा. जागा ओळखायची गरजच नाही, कॅलिब्रेशन पण नको.

पाढे_पंचावन्न
घुबडराव _/\_ एवढं गणित करून मला हे सुचलं नाही, लाज वाटते.

निशिगंधा_
छान आहे पण वाचणारे मागे पण जातात. आणि वाजवणारा हाताकडे बघतो, त्याचं काय?
बाकी उलटायच्या वेळेची काळजी नको, नोटेशन वाचताना डोळे हाताच्या साधारण एक सेकंद पुढे असतात. ओळीच्या मध्यावर मात्र नको, थोडं उशिरा उलटा, नाहीतर शेवटचे स्वर वाचायच्या आत गायब.

अर्धवट_इंजिनिअर
आयडिया भन्नाट आहे. आज रात्री बसतो.

गप्प_बस
घरच्यांची परवानगी घ्या.

अर्धवट_इंजिनिअर
(पाच दिवसांनी) धागा वर काढतोय, अहवाल द्यायचाय.

ओळी लांब केल्या, स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पानावर सहाच. डोळ्याच्या दोन कोपऱ्यांच्या मानाने बाहुली किती आडवी सरकली तेवढंच मोजलं, त्यामुळे मान हलल्याचा त्रास बराच कमी झाला. लाल ठिपका काढून टाकला, डोक्याला शांतता. नुसतं बसून वाचलं तर वीस पानांत एकदाही चुकलं नाही, खरंच! मी घरी सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मग वाजवायला बसलो. निशिगंधाताई, तुमचा मुद्दा नेमका आडवा आला. अवघड जागा आली की मी डाव्या हाताकडे बघतो, आणि डावीकडे खाली बघणं म्हणजे प्रोग्रॅमला ओळ संपल्यासारखं. हातावरून नजर परत वर आली की मी ओळीच्या मधेच असतो, पण मोजणी एकने पुढे. यावर उपाय केला: उडी मारताना पापणी खाली आली तर मोजायची नाही. हाताकडे बघताना पापणी बरीच उतरते, वरच्या ओळीतून खालच्या ओळीत जाताना तेवढी नाही. अनामिकाताईंचं पापणीचं वाचलं नसतं तर हे डोक्यात आलं नसतं. आणि तुमच्यासारखंच एक विश्रांती ठेवलंय, मान वळवून दुसरीकडे बघितलं की मोजणी थांबते.

आता पाचात चार पानं बरोबर उलटतात. पाचवं म्हणजे काल रात्रीचं: अवघड जागा नीट जमली म्हणून मी खुशीत डोळे मिटून वाजवत होतो, उघडले तर दोन पानं पुढे.

मूषकराज
पायाने दाबायची पेडल मिळतात हो, पान उलटायला. कधीची मिळतात.

अर्धवट_इंजिनिअर
@मूषकराज, हे पहिल्या प्रतिसादात का नाही सांगितलंत?

मूषकराज
तुम्ही माउसबद्दल टोमणा मारलात म्हणून.

अनामिका_वाचक
पेडल नका आणू. डोळे मिटल्यावर मोजणी थांबवायचं तेवढं बघा. आमच्या यंत्रात आहे ते, दोन्ही डोळे सेकंदभर मिटले की सगळं जिथल्या तिथे थांबतं. यजमानांना धागा वाचून दाखवला, त्यांनी अक्षरं निवडून विचारलंय की कोणती चाल बसवताय.